नदीकाठच्या पेठेच्या आठवणी नोंदवताना: आधी काय, मग काय

मोबाइल समोर धरून "आबा, जुन्या आठवणी सांगा" असं म्हटलं की आबा काय सांगतात? सोनं स्वस्त होतं, तूप शुद्ध होतं, माणसं एकमेकांना धरून होती. चाळीस मिनिटं ध्वनिमुद्रण होतं. घरी येऊन ऐकलं की लक्षात येतं, हे कुठल्याही गावातल्या कुठल्याही आबांनी सांगितलं असतं. धक्क्यावर माल कोण उतरवायचं, तरीचे, म्हणजे नदी ओलांडून नेणाऱ्या होडीचे, पैसे कोण गोळा करायचं, पुराचं पाणी कितव्या पायरीला लागलं, यातलं काहीच त्यात नाही. यात आबांचा दोष नाही. प्रश्नच मोघम होता, कारण त्याआधीची तयारी झालेली नव्हती.

खालची रीत चिपळूण, राजापूर, महाड, वाई, कराड, सांगली अशा नदीच्या आधाराने वाढलेल्या पेठा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. होडीतून माल उतरायचा अशा लहान पेठेलाही ती चालते. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका. बहुतेकांचं काम क्रम उलटा झाल्यामुळेच वाया जातं.

टप्पा १: आधी जागा, मग माणूस

मुलाखतीच्या आधी किमान दोनदा पेठ पायी फिरा. एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी आणि एकदा पेठ सुस्त असते अशा दुपारी. नदीकाठाने फिरायचं ते उन्हाळ्यात, पाणी उतरलेलं असताना. घाटाच्या खालच्या पायऱ्या, होड्या बांधायची कडी, जुन्या धक्क्याचे दगड हे सगळं तेव्हाच दिसतं.

फिरताना हाताने नकाशा काढा. सुबक नसला तरी चालेल. त्यावर या जागा आकड्यांनी दाखवा: घाट, धक्का, तर लागायची जागा, वखारी, अडत दुकानं, बैल सोडायची जागा, पाणवठे, स्मशानाची वाट. प्रत्येक जागेला एक आकडा द्या आणि काम संपेपर्यंत तो बदलू नका. पुढे प्रत्येक आठवण याच आकड्यांना जोडायची आहे.

सिटी सर्व्हेचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून अर्ज करून मिळतो. तो मिळेपर्यंत हातचा नकाशा पुरे.

*नेहमीची चूक:* नकाशावर फक्त आजची नावं लिहिणं. माणसं जुन्या नावांनीच बोलतात. "जुन्या स्टँडपाशी" म्हणजे नक्की कुठल्या स्टँडपाशी? काही गावांत एसटीचं स्टँड दोनदा हललेलं असतं. प्रत्येक आकड्यापुढे दोन-तीन नावं मावतील एवढी जागा सोडा.

*तपासा:* नकाशावर किमान वीस जागा आल्या का? आल्या नसतील तर अजून एक फेरी मारा.

टप्पा २: थोडेच कागद, पण नेमके

जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये आपल्या गावाची नोंद शोधा. चिपळूण आणि राजापूर १८८०च्या रत्नागिरी खंडात आहेत, महाड १८८३च्या कुलाबा खंडात, तर वाई आणि कराड १८८५च्या सातारा खंडात. त्या पानांतून काय माल यायचा, कुठून यायचा, होड्या कुठवर पोहोचायच्या एवढंच टिपून घ्या. गॅझेटियर लिहिणारा साहेब बाहेरचा होता. त्याला दिसलं तेवढंच त्याने लिहिलं, हे ध्यानात असू द्या.

नगरपालिकेची ठराव पुस्तकं आणि व्यापाऱ्यांच्या घरातल्या कीर्द-खतावण्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, याहून जास्त बोलक्या असतात. त्यातल्या सनांनी मात्र फसायला होतं. शकामध्ये ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. गुजराती-मारवाडी पेढ्यांच्या वह्या दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतात आणि त्यात विक्रम संवत असतो. त्यातून ५६ वजा करायचे, मात्र दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७. महसुली कागदांवर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवायचे. फसली वर्ष जूनमध्ये सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ५९१.

जुन्या वह्या मोडीत असतील तर अंदाजाने वाचू नका. छायाचित्र घ्या आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

*सावधान:* कागदात फार दिवस अडकू नका. सगळं वाचून गेलेला माणूस मुलाखतीत स्वतःच उत्तरं देऊ लागतो. "तेव्हा इथे गलबतं यायची ना?" असं विचारलं की समोरचा "हो हो" म्हणून मोकळा होतो.

टप्पा ३: काळाच्या खुंट्या

साल विचारू नका. "हे कुठल्या साली झालं?" या प्रश्नाला माणूस गडबडतो किंवा तोंडाला येईल ते साल सांगतो. त्याऐवजी सगळ्यांना आठवतात अशा घटनांची यादी आधी करून ठेवा आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे विचारा.

कामाला येणाऱ्या काही खुंट्या: रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७. गांधीवधानंतरची जाळपोळ, १९४८च्या जानेवारीअखेरची आणि फेब्रुवारीची. आणे जाऊन नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७. महाराष्ट्र राज्य झालं ते १ मे १९६०. पानशेत फुटलं ते १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा. बहात्तरचा दुष्काळ. आणीबाणी जून १९७५ पासून. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती २६ जानेवारी १९९८.

यात आपल्या भागाच्या खुंट्या घाला. पूल कधी झाला ही नदीकाठच्या गावातली सगळ्यात मोठी खुंटी. पूल झाला की तर बंद पडते, पेठेचं तोंड बदलतं, घाटाकडची दुकानं रस्त्याकडे सरकतात. सांगलीत कुणी "आयर्विन पुलाआधी" म्हणालं तर ती गोष्ट १९२९ आधीची, म्हणजे बहुधा सांगणाऱ्याची स्वतःची नसून त्याच्या वडिलांची किंवा आजोबांची. हा फरक लगेच वहीत टिपायचा.

वजनमापं हीसुद्धा खुंटीच. दशमान वजनं १९५८ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने आली. कुणी शेर-मणात बोललं तर काळाचा अंदाज येतो, पण लगेच किलोत बदलून घेऊ नका. तोलाचा मण चाळीस शेरांचा. मापाच्या मणात किती पायल्या ते पेठेपेठेला वेगळं असायचं. "तुमच्या पेठेत मणाच्या पायल्या किती?" असं विचारलंत की जुना मापाडी खुलतो.

*नेहमीची चूक:* दोन पूर एकात मिसळणं. चिपळूणला २६ जुलै २००५चा पूर आणि २२ जुलै २०२१चा पूर, सांगलीला २००५ आणि ऑगस्ट २०१९. सांगणाऱ्याच्या मनात हे एकमेकांत गुंततात. अशा वेळी वाद न घालता एखादा साधा प्रश्न टाका: "तेव्हा घरात मोबाइलवर फोटो काढले होते का?" "धाकटी तेव्हा कितवीत होती?" मुलांच्या इयत्तेवरून साल जेवढं पक्कं कळतं, तेवढं दुसऱ्या कशावरून क्वचितच कळतं.

टप्पा ४: कुणाकडे जायचं

पहिल्यांदा सगळे सांगतात, "त्या गुरुजींकडे जा, त्यांना सगळं माहीत आहे." गुरुजींकडे जरूर जा, पण शेवटी. त्यांनी गावाचा इतिहास सांगून सांगून घोटून ठेवलेला असतो. तो आधी ऐकलात तर पुढच्या प्रत्येकाकडे तोच शोधत बसाल.

आधी ज्यांच्या हातून माल गेला त्यांच्याकडे जा: हमाल, मापाडी, तरवाले, गाडीवान, बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या भाजीवाल्या नाहीतर मासेवाल्या मावश्या, अडत्याकडचे दिवाणजी. पेढीचा मालक भाव सांगेल. पोत्याचं वजन पाठीला कुठे लागायचं ते हमालच सांगेल.

प्रत्येक आळीतून आणि वाड्यातून किमान एक माणूस हवा. नदीवर सगळ्यांचा घाट एकच नसायचा. कुणी कुठल्या पाणवठ्यावर पाणी भरायचं आणि कुणाला कुठे उतरू द्यायचे नाहीत, हे नदीकाठच्या प्रत्येक गावच्या इतिहासात आहे. २० मार्च १९२७ला चवदार तळ्यावर जे घडलं ते महाड या पेठेच्या गावातच घडलं. हा भाग विचारल्याशिवाय सहसा सांगितला जात नाही. नकाशावरच्या पाणवठ्याच्या आकड्यावर बोट ठेवा आणि "इथे कोण कोण यायचं?" एवढंच विचारा.

बायकांची मुलाखत वेगळी घ्या. घरातले पुरुष शेजारी बसले की आजी "हे सांगतील ना" म्हणून गप्प होतात. पूर आला तेव्हा घरातलं धान्य माळ्यावर कुणी चढवलं, हे मात्र आजीलाच माहीत असतं.

*तपासा:* यादीत निम्म्याहून जास्त दुकानमालक आणि शिक्षक आहेत का? असतील तर यादी पुन्हा करा.

टप्पा ५: पहिली भेट यंत्राविना

पहिल्या भेटीत ध्वनिमुद्रण नको. चहा घ्या, कुणी पाठवलं ते सांगा, हे कशासाठी करताय, कुठे ठेवणार, कोण ऐकणार हे साध्या शब्दांत सांगा. नकाशा दाखवा. तो पाहून माणूस बोलू लागतो, तेव्हा "हेच मंगळवारी नीट ऐकायला येतो" असं सांगून उठा. हे जड जातं. पण गोष्ट पहिल्यांदा सांगताना जो रंग येतो तो दुसऱ्यांदा येत नाही, म्हणून ती तिथे पूर्ण होऊ देऊ नका.

परवानगी कागदावरही घ्या आणि ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तोंडीही. त्यात तीन गोष्टी हव्यात: नाव द्यायचं की नाही, कुठला भाग बाहेर जाऊ नये, आणि नंतर मन बदललं तर काढून टाकता येईल. १९४८ची जाळपोळ, भाऊबंदकीचे दावे, कुणाचं बुडालेलं देणं अशा विषयांत तिसऱ्याच माणसाचं नाव येतं. त्याने परवानगी दिलेली नसते. असे भाग वेगळी खूण करून बाजूला ठेवा.

टप्पा ६: यंत्राची तयारी

यात फार सांगण्यासारखं नाही, पण एक चूक झाली की सगळं जातं.

चांगला मोबाइल चालतो, फक्त तो विमान मोडवर टाका, नाहीतर मधे फोन येऊन ध्वनिमुद्रण तुटतं. शक्य असेल तर वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर घ्या. एका वाहिनीवर तासाला साधारण ५०० एमबी लागतात, तेवढी जागा आधी मोकळी करा. कॉलरला लावायचा स्वस्त माइकसुद्धा टेबलावर ठेवलेल्या फोनपेक्षा बरा.

खोलीतला पंखा बंद करा. एकदा मी उकाड्यामुळे पंखा चालू ठेवला आणि एका आजींचा दीड तास घरघरीखाली गेला. शब्द कळतात, पण ऐकवत नाहीत. कुकर, टीव्ही आणि पावसाळ्यातले पत्रे यांचाही विचार करून वेळ ठरवा.

*तपासा:* एक मिनिट मुद्रण करा, हेडफोन लावून ऐका, मगच पुढे.

टप्पा ७: मुलाखत

पहिला प्रश्न कामाबद्दल असावा आणि त्याचं उत्तर एखाद्या हालचालीत मिळावं. "बाजार कसा भरायचा?" असं विचारलं की "मोठा भरायचा" असं उत्तर येतं. "बाजाराच्या दिवशी किती वाजता उठायचात आणि उठल्यावर पहिलं काय करायचात?" असं विचारलं की पहाटेच्या कंदिलापासून सुरुवात होते. तिथून सकाळ, दुपार, संध्याकाळ, हिशेब आणि घरी परतणं. एका बाजारदिवसाची पूर्ण फेरी झाली की मग ऋतू: पावसाळ्यात तर बंद असताना माल कुठून यायचा, उन्हाळ्यात नदी आटली की होडी कुठवर यायची. मग वर्ष आणि सण. घराणं, लढे, पुढारी हे शेवटी. बहुतेक जण बरोबर उलट्या क्रमाने जातात.

वस्तूंबद्दल विचारताना हाताची कृती विचारा. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवत. "पेव म्हणजे काय?" विचारलंत तर व्याख्या मिळेल. "पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचात का?" विचारलंत तर आतली कोंदट हवा, वाट पाहणं, पहिल्यांदा कोण उतरायचं, सगळं बाहेर येतं. होडीतून पोतं धक्क्यावर कसं यायचं, फळीवरून की खांद्यावरून? फळी ओली असली तर?

काही गोष्टी करूनच दाखवायला सांगा. मापाडी धान्य मोजताना 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो आणि मग दोन, तीन. ती लय ऐकण्यासारखी असते. चाळीस-पन्नासपर्यंत मोजून घ्या, मधे थांबवू नका. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून ठरणारा भाव मात्र आवाजात सापडत नाही. तिथे चित्रफीत घ्या.

माणूस थांबला की तुम्हीही थांबा. मनात दहा आकडे मोजा. दुसरी गोष्ट बहुतेक वेळा त्या शांततेनंतरच येते.

चुकीचं साल सांगितलं तर दुरुस्त करू नका. वहीत खूण करा, शेवटी खुंटीच्या आधाराने पुन्हा विचारा. सांगणाऱ्याला आपली परीक्षा चालू आहे असं वाटलं की तो "मला नक्की आठवत नाही" या एका वाक्यामागे लपतो.

प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीनंतर विचारा: "हे तुम्ही पाहिलंत, की ऐकलंत?" ऐकलं असेल तर कुणाकडून.

*सावधान:* ऐंशीच्या पुढच्या माणसाला तासापेक्षा जास्त बसवू नका. दोन बैठकी करा. आणि यंत्र दारातून बाहेर पडेपर्यंत बंद करू नका, कारण सगळ्यात चांगली गोष्ट चपला घालताना निघते. निघाली तर "हे चालूच आहे बरं का" असं सांगायला मात्र विसरू नका.

टप्पा ८: त्याच रात्री

हे दुसऱ्या दिवसावर ढकललं की पंधरा दिवस राहतं. फाइलला तारखेने सुरू होणारं नाव द्या: वर्ष, महिना, दिवस, मग मुलाखतीचा क्रमांक. माणसाचं नाव फाइलच्या नावात नको. ते वेगळ्या वहीत. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी. नदीकाठच्या गावात तिन्ही प्रती तळमजल्यावर ठेवू नयेत, हे वेगळं सांगायला नको.

मग वहीत अर्धं पान: कोण हजर होतं, कुठे बसलो, काय बोलताना आवाज बदलला, काय दाखवलं. जुनं छायाचित्र दाखवलं असेल तर मूळ घरी आणू नका. खिडकीच्या उजेडात तिथेच प्रत घ्या, मागची बाजूही घ्या. मागे कुणीतरी नावं लिहिलेली असतात.

टप्पा ९: उतरवून काढणं

एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतात, बोली जाड असेल तर जास्त. मोबाइलवर आपोआप लिहून देणारी साधनं मराठी बऱ्यापैकी लिहितात, पण कोकणातले किंवा कृष्णाकाठचे शब्द ती पुण्याच्या शब्दांत बदलून टाकतात. प्रत्येक ओळ कानाने तपासा.

बोली सुधारू नका. "व्हतं" असेल तर "व्हतं"च राहू द्या. 'पडाव', 'मचवा', 'उतारू', 'वखार' यांच्या जागी सोपे शब्द घालू नका. अर्थ शेवटी शब्दसूचीत द्या, आणि तोही सांगणाऱ्याच्या तोंडचा.

दर पाच मिनिटांची वेळ समासात लिहा आणि जिथे जागा आली तिथे नकाशाचा आकडा. ही सूची झाली की सगळं उतरवणं अर्धवट राहिलं तरी मुद्रण उपयोगी पडतं. माणसं नेमकी ही सूची टाळतात आणि मग शंभर तासांच्या ढिगात काहीच सापडत नाही.

टप्पा १०: ताडून पाहणं

एकाच जागेबद्दल, म्हणजे एकाच आकड्याबद्दल कोण काय म्हणालं ते शेजारी शेजारी ठेवा. तरवाला म्हणतो तरीला पैसे पडायचे, भाजीवाली मावशी म्हणते आम्ही भाजी द्यायचो. दोन्ही खरं असू शकतं. एकच सुबक गोष्ट करण्यासाठी आवाज मिसळू नका. प्रत्येक वाक्य कुणाचं ते दिसायला हवं.

पुराची उंची मात्र मोजता येते, म्हणून ती मोजाच. "खिडकीपर्यंत पाणी होतं" असं म्हटलं की टेप घेऊन जा, घराच्या जोत्यापासून खिडकीपर्यंत मोजा, आणि खिडकी तेव्हाचीच आहे की नंतरची तेही विचारा. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. २००५ला पाणी ५३ फुटांपुढे गेलं होतं, २०१९ला ५७ फुटांच्याही वर. असा सरकारी आकडा हाताशी असला की घराघरातल्या खुणा त्याला जोडता येतात आणि कुठलं घर कुठल्या पुरात बुडालं ते ठरवता येतं. आठवणीतला पूर दरवर्षी थोडा चढतो, हा माझा अनुभव. भिंतीवरची रेघ चढत नाही.

आठवण आणि कागद जुळले नाहीत तर लगेच आठवण खोटी ठरवू नका. ठरावात धक्का दुरुस्त झाल्याचं लिहिलेलं असतं आणि हमाल सांगतो की दगड पडूनच होते. दोन्ही छापा, शेजारी शेजारी.

टप्पा ११: परत देणं

उतरवलेलं सांगणाऱ्याला वाचून दाखवा. वाचता येत असलं तरी वाचून दाखवा, कारण ऐकताना माणूस भर घालतो. जे काढायला सांगेल ते तिथेच काढा. एक छापील प्रत त्या घरी, एक गावच्या सार्वजनिक वाचनालयात, मुद्रणासकट. नकाशाची प्रत वेगळी द्या आणि वाचनालयाच्या नोंदवहीत दाखल क्रमांक पडल्याशिवाय तिथून हलू नका. क्रमांक नसलेलं बाड पुढच्या रंगकामात रद्दीत जातं.